गिऱ्हाईक मोजणारा कॅमेरा : वाद कुठवर आला आहे

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागात कॅमेरा आला तो पहारेकरी म्हणून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात, गोटमार म्हणजे एकमेकांवर दगडफेक होते. तिथे अलीकडे प्रशासन सीसीटीव्ही लावते, ड्रोन उडवते. मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याच्या बाजारात सोनाराच्या, कापडवाल्याच्या, औषधांच्या दुकानात गल्ल्यावर डोळा ठेवणारा कॅमेरा आता नवलाचा राहिलेला नाही. खाली पाटी असते, बहुधा हिंदीत : ‘आप कैमरे की नज़र में हैं’. या कॅमेऱ्याचे काम ठरलेले. काही घडले तर मागे जाऊन पाहायचे. काही घडले नाही तर ठरावीक दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि ते कोणी पाहिलेलेही नसते.

या लेखाचा विषय दुसऱ्या जातीचा कॅमेरा आहे. तो काही घडण्याची वाट पाहत बसत नाही. किती जण आत आले, कोणत्या मांडणीपुढे किती वेळ थांबले, पडद्यावरच्या जाहिरातीकडे किती जणांनी मान वळवली, त्यांत बायका किती आणि तरुण किती, याचा तो दिवसभर हिशेब लिहितो. धंद्यातले लोक याला ऑडियन्स ॲनालिटिक्स म्हणतात. मोठ्या शहरांतल्या मॉलना आणि साखळी दुकानांना हे नवीन नाही. छोट्या गावात हा प्रश्न पोचतो तो वेगळ्या वाटेने. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि रेकॉर्डरांत माणसे मोजायची सोय आधीच भरलेली असते. मेनूत जाऊन एक पर्याय चालू केला की चोरीसाठी घेतलेला कॅमेरा गिऱ्हाईक मोजू लागतो. नवीन यंत्र लागत नाही, म्हणून नवीन विचारही होत नाही. या वादाचा आढावा मोहगावच्या बाजारात उभे राहून घ्यायचे कारण हेच. त्यातले बरेचसे मुद्दे मॉल डोळ्यांसमोर ठेवून मांडले गेले आहेत, आणि मॉलमधले प्रत्येक गृहीतक इथे लागू पडत नाही.

मोजणीची जुनी हौस

दुकानात आलेल्याची चाल पाहून तो घेणार की नुसता भाव विचारणार हे ओळखणे ही दुकानदाराची जुनीच विद्या. तिला अभ्यासाची शिस्त लावणाऱ्यांत विल्यम व्हाइट या अमेरिकी निरीक्षकाचे नाव आधी घ्यावे लागते. १९७० च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कमधल्या चौकांवर ठरावीक अंतराने चित्रे टिपणारे कॅमेरे लावले आणि लोक कुठे बसतात, कुठे थबकतात, कुठून वळतात याच्या नोंदी केल्या. त्यांचे पुस्तक १९८० चे. पॅको अंडरहिल यांनी हीच रीत दुकानांत नेली. त्यांची माणसे हातात कागद घेऊन गिऱ्हाइकामागे गुपचूप फिरत. अरुंद बोळात मागून धक्का लागला की बाई हातातली वस्तू ठेवून पुढे निघते, हे त्यांचे गाजलेले निरीक्षण. ‘व्हाय वुई बाय’ हे त्यांचे पुस्तक १९९९ मध्ये आले आणि दुकानांची मांडणी करणाऱ्यांच्या टेबलावर जाऊन बसले.

इथपर्यंत पाहणारा माणूस होता. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी साध्या संगणकावर, चालत्या चित्रातून, क्षणात चेहरा हुडकून काढण्याची पद्धत मांडली. हा चेहरा कोणाचा, हे ती सांगत नसे. इथे एक चेहरा आहे, एवढेच सांगे. जाहिरातवाल्यांना तेवढे पुरे होते. चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला आहे म्हणजे माणूस पडद्याकडे पाहतो आहे, असा हिशेब मांडता आला. पॅरिसची क्विव्हिडी ही कंपनी २००६ पासून याच धंद्यात आहे. २०१० मध्ये तोक्योच्या रेल्वे स्थानकांवर बघणाऱ्याचे वय आणि लिंग ओळखणारे जाहिरातफलक चाचणीसाठी लागले. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये टेस्कोच्या ४५० पेट्रोलपंपांवर असे पडदे बसवण्याची घोषणा झाली, तेव्हा हा विषय पहिल्यांदा सर्वसाधारण वर्तमानपत्रांत मोठ्या मथळ्यांनी आला.

आपल्याकडे मोजणीची भूक दुकानापेक्षा जाहिरातीच्या बाजूने जुनी आहे. होर्डिंगचा दर चौकावर, रहदारीवर आणि बऱ्याचदा घासाघिशीवर ठरतो. किती डोळ्यांनी ते पाहिले याला पुरावा नसतो. दूरचित्रवाणीने निदान काही घरांत मीटर बसवून आकडा काढला, पण ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फेरफाराचे प्रकरण पुढे आणले तेव्हा त्या आकड्यावरही प्रश्नचिन्ह लागले. आकडा ज्याच्या खिशात पैसा घालतो त्याच्याच हातात मोजणी असू नये, हा त्यातला मुद्दा फलकांवरच्या कॅमेऱ्यांनाही जसाच्या तसा लागू आहे. या चर्चेत तो फारसा निघत नाही, हे मला खटकते.

बसवायचा म्हणजे काय करायचे

वाद समजायला यंत्राची ढोबळ ओळख हवी, कारण ‘कॅमेरा’ या एकाच नावाखाली तीन वेगळी कामे येतात.

पहिले काम दारातल्या मोजणीचे. कॅमेरा किंवा सेन्सर दाराच्या वर, छताला, सरळ खाली पाहील असा लावतात. चित्रात एक आडवी रेघ ओढलेली असते. डोके रेघेच्या या बाजूने त्या बाजूला गेले की एक आत, उलट गेले की एक बाहेर. दोन भिंगांचा किंवा प्रकाश परत यायला लागणारा वेळ मोजणारा सेन्सर असेल तर त्याला उंचीही कळते, म्हणजे लहान मूल आणि मोठा माणूस वेगळे करता येतात. वरून पाहणाऱ्या या यंत्राला चेहरा दिसतच नाही. येणाऱ्यांचा आकडा आणि बिलांचा आकडा शेजारी ठेवले की शंभरातल्या किती जणांनी काही घेतले ते निघते.

दुसरे काम दुकानाच्या आतले. कोपऱ्यातला कॅमेरा माणसाचा माग एका मांडणीपासून दुसऱ्या मांडणीपर्यंत ठेवतो आणि शेवटी दुकानाच्या नकाशावर जास्त वर्दळीच्या जागा लाल, कमी वर्दळीच्या निळ्या करून दाखवतो. तिसरे काम पडद्यावरच्या कॅमेऱ्याचे. तो पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला, माणसाच्या तोंडासमोर असतो आणि चेहऱ्यावरून वय, लिंग, पाहण्याचा वेळ यांचा अंदाज करतो. काही प्रणाल्या आनंद, कंटाळा असे भावही ओळखत असल्याचा दावा करतात. वादाची धग या तिसऱ्या कामाभोवती सगळ्यात जास्त आहे आणि पहिल्याभोवती सगळ्यात कमी; तरीही विकणारा आणि विरोध करणारा दोघेही तिन्हींना एकाच दावणीला बांधतात.

आता हे मोहगावच्या बाजारात आणून पाहू. पहिली अडचण दाराचीच. किराण्याच्या कितीतरी दुकानांत गिऱ्हाईक आत जातच नाही. ते ओट्याच्या पायरीवर उभे राहते, यादी वाचते, माल काउंटरवरून घेते. ओलांडायला रेघच नाही. दुसरे असे, की बाजाराच्या दिवशी खेड्यातून चौघांचे कुटुंब येते, कापड निवडते चौघे, बिल होते एक. यंत्राच्या लेखी चारातल्या तिघांनी काहीच घेतले नाही. मॉलसाठी बनवलेल्या प्रणालीत एकत्र आलेल्यांना एक गट धरण्याची सोय असते, पण ती नीट जुळवावी लागते. उधारी तर हिशेबाबाहेरच राहते. वहीत लिहिलेल्या मालाचे बिल त्या वेळी फाटत नाही. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर गप्पा मारायला बसणारे नेहमीचे दोघे-तिघे रोज आत-बाहेर करून आकडा फुगवतात, तो भाग वेगळाच.

उजेडाचा प्रश्नही आहे. पूर्ण शटर उघडे, बाहेर वैशाखाचे ऊन, आत अंधार : अशा ठिकाणी आत येणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याला काळी सावली दिसतो. त्यासाठी उजेड-अंधार दोन्ही सांभाळणारा, वाइड डायनॅमिक रेंजचा कॅमेरा लागतो आणि त्याचा कोन बदलून बदलून पाहावा लागतो. त्यातच या भागात उन्हाळ्यात तोंडाला स्कार्फ, शेला, दुपट्टा गुंडाळल्याशिवाय दुचाकीवर कोणी निघत नाही. झाकलेला चेहरा चेहरा हुडकणाऱ्या प्रणालीतून सहज निसटतो. म्हणजे ज्या तरुण मुलींपर्यंत जाहिरात पोचली का हे जाणून घ्यायचे, त्याच कमी मोजल्या जाण्याची शक्यता. वीज जाणे, इन्व्हर्टर बसणे, धुळीने भिंग माखणे यांनी आकड्यांत भोके पडतात ती निराळी. या गोष्टी बारीक वाटतील, पण अहवालात शेवटी एक सरळ रेषा छापून येते आणि ती पाहणाऱ्याला ही भोके दिसत नाहीत.

कोण काय म्हणते

दुकानदारांची बाजू साधी आहे. ऑनलाइन विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची प्रत्येक टिचकी कळते : काय पाहिले, किती वेळ पाहिले, टोपलीत टाकून का सोडले. रस्त्यावरचा दुकानदार त्याच गिऱ्हाइकासाठी भांडतो आणि त्याला फक्त झालेली विक्री दिसते. न झालेली दिसत नाही. किती जण रिकाम्या हाताने परत गेले हे कळले तर माणसे कोणत्या वेळी जास्त ठेवायची, माल कुठे मांडायचा हे ठरवता येईल. यात कोणाचे नाव नको, फोटो नको, नुसता आकडा हवा, असे ते म्हणतात, आणि दारातल्या मोजणीपुरते हे म्हणणे मला रास्त वाटते.

जाहिरात क्षेत्राला मोजमापाचे एकक हवे आहे. महामार्गावरचा फलक आणि गावातला फलक यांची तुलना कशाने करायची? पांढुर्ण्यावरून नागपूर-बैतूल महामार्ग जातो, सौंसरवरून नागपूर-छिंदवाडा रस्ता. दोन्हींकडे फलक आहेत, गाड्या मोजता येतात, पण गाडीतल्या माणसाने मान वळवली की नाही ते गाडी मोजून समजत नाही. डिजिटल पडद्यांवर एका जागी दहा जाहिराती आळीपाळीने लागतात, त्यामुळे कोणाच्या पाळीला किती डोळे होते याला किंमत येते.

खासगीपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा पहिला आक्षेप संमतीचा आहे. फोन घरी ठेवता येतो, कुकी नाकारता येते, चेहरा घरी ठेवून बाजारात जाता येत नाही. दुसरा आक्षेप हेतू घसरण्याचा. चोरीसाठी लावलेला कॅमेरा मोजणीला लागला, मोजणीचा उद्या ओळखीला लागेल, आणि प्रत्येक टप्प्यावर बदलणार ती फक्त आज्ञावली. भिंतीवर काहीच बदललेले दिसणार नाही. पोलीस ठिकठिकाणी व्यापाऱ्यांना एक कॅमेरा रस्त्याकडे वळवून लावण्याचे आवाहन करतात. गुन्ह्याच्या तपासात त्याचा उपयोग होतो हे खरे. तोच कॅमेरा मोजणीही करत असेल तर रस्त्याने नुसता जाणारा माणूसही कोणाच्या तरी व्यापारी अहवालात जमा होतो, हेही खरे.

तिसरा आक्षेप अचूकतेचा आहे, आणि तो आकड्यांवर उभा आहे. २०१८ मध्ये जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाल्या तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सर्वाधिक चूक ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यानंतर प्रणाल्या सुधारल्या, असे कंपन्या सांगतात. पण मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये चेहऱ्यावरून वय, लिंग आणि भाव सांगणारी सेवा सर्वांसाठी खुली ठेवणे बंद केले, हेही नोंदवायला हवे. चेहऱ्यावरच्या हसण्यावरून आतला आनंद वाचता येतो, या गृहीतकावर मानसशास्त्रज्ञांतच एकमत नाही.

मधली वाट काढणारे तंत्रज्ञ म्हणतात, चित्र कॅमेऱ्यातच तपासा, तिथल्या तिथे टाकून द्या, बाहेर फक्त आकडा पाठवा. त्याहून पुढे जाणारे म्हणतात की दाराच्या मोजणीला कॅमेरा हवाच कशाला? उंची मोजणारा सेन्सर, उष्णता टिपणारा सेन्सर किंवा जुना अवरक्त किरणांचा पडदा यांनी काम भागते. मला हा सल्ला पटतो. मात्र विकणाऱ्याला त्यात फायदा कमी आहे, म्हणून तो दुकानदारापर्यंत क्वचितच पोचतो. आणि खरे सांगायचे तर गिऱ्हाईक मोजणारे एक यंत्र टपरीटपरीवर आधीच बसले आहे : यूपीआयचा आवाज देणारा डबा. कोणत्या वेळी किती पैसे आले याची नोंद त्यातून तयार होते. ती कोणाकडे साठते याची चर्चा कॅमेऱ्याच्या मानाने अगदीच थोडी होते.

या सगळ्यांत एक बाजू बहुतेक वेळा गळते : दुकानातल्या नोकराची. गिऱ्हाईक पाच मिनिटे कॅमेऱ्यापुढे असते, काउंटरमागची मुलगी दहा तास. आत माग ठेवणाऱ्या प्रणालीला गिऱ्हाईक आणि नोकर वेगळे करावे लागतात, नाहीतर मोजणी बिघडते. आणि एकदा वेगळे केले की कोणता नोकर कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उशिरा गेला, कितीदा जागेवर नव्हता, हा तक्ता फुकटात तयार होतो. गिऱ्हाइकासाठी आणलेले यंत्र अशा रीतीने आधी नोकराला मोजते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या जागी भाव ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे सोडून, बंदी घातली आणि ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे या बाजूने बोलणारा आवाज फार क्षीण आहे. दोन-तीन नोकरांच्या दुकानात संघटना नसते, आणि मालकाचे आणि नोकराचे घर बऱ्याचदा एकाच आळीत असते.

बाहेरचा अनुभव

इतर देशांत प्रकरणे कशी उघडकीस आली ते पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये ओस्लोत एका पिझ्झा दुकानाचा जाहिरातपडदा बिघडला आणि जाहिरातीऐवजी बघणाऱ्याचे लिंग, वय, हसू नोंदवणाऱ्या ओळी दिसू लागल्या. २०१८ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या चिनूक सेंटर मॉलमध्ये दुकानांचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर चेहरा तपासणाऱ्या आज्ञावलीची खिडकी उघडी राहिली. २०२४ मध्ये कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठात चॉकलेट विकणाऱ्या यंत्रावर त्रुटीचा संदेश आला आणि त्यात चेहरा ओळखणाऱ्या आज्ञावलीचे नाव होते. तिन्ही ठिकाणी लोकांना कळले ते यंत्र बिघडल्यामुळे. पाटी वाचून कोणालाच कळले नव्हते.

कॅलगरीच्या प्रकरणाची चौकशी सगळ्यात खोलवर गेली. कॅडिलॅक फेअरव्ह्यू या मॉलमालक कंपनीचे म्हणणे होते की चित्रे क्षणात पुसली जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅनडाच्या खासगीपणा आयुक्तांचा अहवाल आला. १२ मॉलमधून सुमारे ५० लाख चेहऱ्यांची अंकांत केलेली रूपे तयार होऊन सेवा पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे साठलेली आढळली, आणि ती तिथे आहेत हे खुद्द मॉलमालकांना ठाऊक नव्हते. फोटो पुसला म्हणजे सगळे पुसले, हा समज तिथे मोडला. तोच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून यंत्राला त्याची काहीतरी खूण काही काळ जवळ ठेवावी लागते. ती खूण किती काळ आणि कोणाकडे राहते यावर सगळे अवलंबून आहे.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो मेट्रोच्या चार क्रमांकाच्या मार्गावर २०१८ मध्ये प्रवाशांचे भाव टिपणारे जाहिरातपडदे लागले. ग्राहक संघटना न्यायालयात गेली, त्याच वर्षी कॅमेरे बंद करण्याचा आदेश झाला आणि २०२१ मध्ये कंपनीला दंड झाला. फ्रान्समध्ये जेसीडेको या जाहिरात कंपनीला पॅरिसच्या ला देफांस भागात फलकांजवळून जाणारे फोन मोजायचे होते. तिथल्या नियामकाने २०१५ मध्ये नाही म्हटले आणि २०१७ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते उचलून धरले. फोनच्या खुणा सांकेतिक केल्या तरी त्यातून तोच माणूस पुन्हा ओळखता येतो, तेव्हा हे अनामिक नव्हे, असा त्याचा आशय. जपानने उलट वाट धरली. २०१७ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांनी व्यापारी कॅमेऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली : आधी सूचना द्या, पाटी लावा, कशासाठी ते सांगा, मग मोजा. बंदी आणि मोकळीक यांच्यामधली ही जागा भारतातल्या चर्चेला जवळची आहे.

आपला कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दुकानदाराला बांधणारा कायदा मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये आला : डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कायदा केंद्राचा आहे, म्हणून पांढुर्णा मध्य प्रदेशात आणि सीमेपलीकडचे सावनेर महाराष्ट्रात असल्याने या बाबतीत फरक पडत नाही. मध्य प्रदेशाचे २०१७ चे बाह्य जाहिरात नियम आहेत, पण त्यांचा भर जागा, आकार, परवाना आणि शुल्क यांवर आहे.

कायद्याप्रमाणे संमती मोकळी, विशिष्ट आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. पाटीखालून दुकानात शिरणे ही स्पष्ट कृती मानायची का? एका बाजूचे वकील कलम ७ कडे बोट दाखवतात : व्यक्तीने आपणहून दिलेली माहिती, तिने हरकत घेतली नसेल तर, त्या ठरावीक कामासाठी वापरता येते. कायद्यातच दिलेले उदाहरण औषधाच्या दुकानाचे आहे; गिऱ्हाईक पावतीचा संदेश यावा म्हणून आपला तपशील देते. दुसरी बाजू म्हणते, नंबर सांगणे आणि चेहरा घेऊन आत येणे या दोन गोष्टी सारख्या कशा? युरोपातल्या कायद्यात ‘रास्त हितसंबंध’ नावाचा जो तिसरा दरवाजा आहे तो आपल्या कायद्यात नाही, म्हणून हा पेच इथे जास्त घट्ट बसतो. नोकराच्या बाबतीत पेच कमी आहे, पण त्याच्या सोयीचा नाही : नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला याच कलमात संमतीची अट नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवायला, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना उद्देशून जाहिरात करायला कलम ९ ने मनाई केली आहे. शाळा सुटल्यावर मुले ज्या दुकानापुढे जमतात तिथल्या पडद्याने काय करायचे? मुलांना वगळायचे तर आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती मुले आहेत असे ठरवावे लागते. वरून उंची मोजणारा सेन्सर इथे बरा, पण सोळा वर्षांचा मुलगा बापाच्या खांद्याला लागलेला असतो.

अजून अडलेले

अनामिकतेचा प्रश्न मोहगावात वेगळे रूप घेतो, आणि बाहेरच्या कुठल्याही निवाड्यात त्याला उत्तर सापडत नाही. नागपूरच्या गर्दीत ‘दुपारी तीन ते चार, स्त्री, पंचवीस ते पस्तीस, एक’ ही नोंद कोणाचीच नसते. मोहगावात त्या तासाला दुकानात आलेली ती एकटी बाई कोण, हे दुकानदाराला नोंद वाचताच कळते. ती कोणाकडची, कोणत्या गावची, हेही त्याला माहीत असते. सांख्यिकीत याला जुना उपाय आहे : तक्त्यातला आकडा फार लहान असेल तर तो छापायचाच नाही, शेजारच्यात मिळवून द्यायचा. दुकानांच्या अहवालांना हा नियम लावायला फार खर्च येणार नाही. मात्र हा दुकानदार तिला तसाही ओळखतोच, मग बिघडले काय, असे विचारणाऱ्याचे म्हणणेही झटकून टाकता येत नाही. फरक पडतो तो ही ओळख त्याच्या डोक्यातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर गेली तर. छोट्या गावात ‘व्यक्तिगत माहिती’ कशाला म्हणायचे, याचा विचार करणारे लिखाण मराठीत तरी विरळ आहे.

सूचनेच्या भाषेचा प्रश्न तसाच. कायद्याने सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे सौंसरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला हिंदी पाटीऐवजी मराठीत सूचना मागता येईल. याच बाजारांत येणाऱ्या गोंडी बोलणाऱ्यांना ती सोय नाही, कारण गोंडी त्या अनुसूचीत नाही. वाचता न येणाऱ्यासाठी चित्रखूण असावी, अशी सूचना अधूनमधून होते. ‘इथे मोजतात’ आणि ‘इथे ओळखतात’ यांना दोन वेगळ्या सर्वमान्य खुणा अजून नाहीत.

फायद्याचे काय? यंत्र लावल्याने विक्री वाढली, असे सांगणारे आकडे बहुतांशी यंत्र विकणाऱ्यांकडून येतात, आणि ते मॉल किंवा साखळी दुकानांचे असतात. ओट्यावरच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक मोजून काय हाती लागते, हे तपासायला फार मोठा प्रकल्प लागत नाही : काही दुकाने, एखादा हंगाम, दारात वही घेऊन बसलेला माणूस आणि शेजारी यंत्र. छिंदवाडा-नागपूर पट्ट्यातल्या एखाद्या वाणिज्य महाविद्यालयाला हे सहज जमेल.

शेवटची अडचण कॅमेरा बसवणाऱ्या मुलाची आहे. वादाच्या कागदोपत्री आवृत्तीत दोनच पक्ष असतात, माहिती घेणारा आणि जिची माहिती ती व्यक्ती. सौंसर-पांढुर्ण्यात तिसरा पक्ष मोटारसायकलवर शिडी आणि केबल घेऊन येतो. तोच कोन ठरवतो, तोच रेकॉर्डर जोडतो, मालकाच्या मोबाइलवर ॲप टाकून देतो आणि पासवर्ड बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली चित्रणे बाहेर विकली गेल्याचे उघड झाले, तेव्हा तपासात कारखान्यातून आलेले सोपे पासवर्ड तसेच ठेवल्याचा मुद्दा पुढे आला. केंद्राने ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची केली आहे. ती यंत्राची चाचणी आहे, बसवणीची नाही. आधी लागलेले कॅमेरे तर तिच्याबाहेरच राहतात. मोजणीचा पर्याय चालू आहे की बंद, आकडे दुकानातच राहतात की बाहेर जातात, हे सौंसरच्या एखाद्या कापडवाल्याला विचारले तर तो त्या मुलालाच फोन लावेल, आणि त्या मुलाला याचे प्रशिक्षण कोणी द्यायचे हे नव्या नियमांत ठरलेले नाही.